भुईआवळी नक्की कुठली? (आष्टा, जि. सांगली)

हळदीची_सरी: नमस्कार मंडळी. आमच्या रानात हळदीच्या वरंब्यावर वीत-दीड वीत उंचीची, आवळ्यासारख्या बारीक पानांची रोपं माजलीत. सासूबाई म्हणतात भुईआवळी, शेजारच्या काकू म्हणतात, "तसलीच लालसर असते, ती वेगळी." बांधाला दोन्ही आहेत. भांगलणीत जायच्या आत थोडी वाळवून ठेवावी म्हणते. कशी ओळखू?

कृष्णाकाठ: सोपं आहे. संध्याकाळी पानं मिटली की समजायचं, भुईआवळी.

कराडचा_मास्तर: दादा, लालसुद्धा मिटते की! ताई, वरून बघून काही कळणार नाही, डहाळी उलटी करा. पानांच्या बगलेत मोहरीएवढी हिरवी फळं ओळीनं दिसतील. फळ गुळगुळीत आणि बारीक देठावर लोंबतं असेल तर भुईआवळी, फायलॅन्थस अमॅरस. (जुन्या पुस्तकांत हिलाच निरूरी म्हटलेलं सापडेल.) देठ जवळपास नाहीच, फळ डहाळीला चिकटलेलं आणि खरबरीत असेल तर काकूंची लाल, फायलॅन्थस युरिनॅरिया. खोडाच्या रंगावर विसंबू नका. दहापट भिंग असेल तर फुलाच्या पाकळ्यांसारखी दलं मोजा: भुईआवळीला पाच, लालला सहा.

आणखी एक. मुख्य खोडावर नीट पानं नसतात, नुसते खवले. पानं सगळी आडव्या डहाळ्यांना. खोडावरही पानं दिसली तर ती तिसरीच जात.

परड्यातली_आजी: मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती दुधी नावाचं तण गं, भुईआवळी नव्हे. आणि कुणाला कावीळ झाली म्हणून वाळवत असशील तर आधी रक्त तपासा, मग पाला.

हळदीची_सरी: नाही आजी, घरात सगळे ठणठणीत. आत्ताच बघून आले. वरंब्यावरच्या फळांना देठ आहे! एक बोटात दाबलं तर सहा बिया निघाल्या, इवल्याशा संत्र्याच्या फोडीच जणू. बांधावर मात्र दोन्ही मिसळलेत.

कराडचा_मास्तर: फोडी बरोबर. तणनाशक मारलंय का पण?

हळदीची_सरी: आम्ही नाही. बांधापलीकडच्या उसाला गेल्या आठवड्यात मारलंय.

परड्यातली_आजी: मग बांधाची नकोच. परड्यात न्हाणीच्या पाण्यावर बघ, तिथं असणारच.

हळदीची_सरी: आहे! सात रोपं. सासूबाई कालच उपटणार होत्या.