तळागाळ, सहभाग, कार्यकर्ता: शिबिरात अडलेले शब्द

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण भंडारा जिल्ह्यात गावोगावच्या पोरापोरींचं चार दिवसांचं शिबिर घेतो. गावातल्या लोकांना एका प्रश्नावर एकत्र कसं आणायचं, ग्रामसभेत विषय कसा लावून धरायचा, आणि मोबाईलवर आपल्याच गावाचे छोटे व्हिडिओ काढून ते गावालाच कसे दाखवायचे, असं सगळं त्यात असतं. यावेळी मात्र कामापेक्षा शब्दांनीच जास्त अडवलं, म्हणून इथे विचारतोय.

पत्रिकेत छापलं होतं "तळागाळातील युवा कार्यकर्त्यांसाठी सहभागी माध्यम प्रशिक्षण". पहिल्याच सकाळी एका मुलीनं हात वर केला, "सर, तळागाळातले म्हंजे आमीच का? मंग आमी काहून गाळ?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. खरंच आहे तिचं. इंग्रजीत जे ग्रासरूट्स म्हणतात त्यात गवताची मुळं आहेत, म्हणजे जिथून फुटवा येतो ती जागा. मराठीत आपण तळ आणि गाळ घेतलं, म्हणजे बुडाशी जाऊन बसलेलं काहीतरी. आणि वापर पाहा ना, "योजना तळागाळापर्यंत पोचली", "तळागाळातून वर आलेला नेता". एक तर वरून काहीतरी खाली येतं नाहीतर खालचा माणूस वर जातो, पण तळागाळातच राहून लोकांनी काही उभं केलं असं वाक्य मला तरी पटकन आठवत नाही.

संध्याकाळी हा विषय पुन्हा निघाला तेव्हा गावचे एक म्हातारे शेतकरी मागे बसून ऐकत होते, ते म्हणाले, "गाळाले नाव नोका ठेवू बाप्पा. मामा तलावातला गाळ बांधीत टाकून पाहा, धान कसा येते ते." ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आमच्या भंडारा-गोंदियात आणि तिकडे चंद्रपूर-गडचिरोलीत असे हजारो जुने तलाव आहेत, उन्हाळ्यात पाणी आटलं की लोक गाळ काढून शेतात नेतात, कारण पावसाबरोबर वाहून आलेली चांगली माती तिथेच येऊन बसलेली असते. मुलगी म्हणाली, "मंग असं सांगा ना आधी." म्हणजे शब्द तोच, पण धान पिकवणाऱ्याला त्यात खत दिसतं आणि शिकलेल्या पोरीला घाण दिसते. आता तो ठेवावा की काढावा?

दुसरा शब्द सहभाग. आम्ही म्हणतो लोकसहभाग, लोकांना ऐकू येतं वर्गणी! हे उगाच नाही. पाणी योजनांमध्ये गावानं १० टक्के लोकवर्गणी भरायची अट असायची, त्यालाच कागदावर लोकसहभाग म्हणायचे. त्यामुळे "तुमचा सहभाग पाहिजे" म्हटलं की "किती द्या लागते?" हा प्रश्न येतोच. नाहीतर श्रमदान. ठरवण्यात वाटा, हा अर्थ गावात कोणाच्या डोक्यात येतच नाही, कारण तसा वाटा मिळाल्याचा अनुभवच कमी. मग सहभागी माध्यम म्हणजे काय हे कसं सांगायचं?

आणि कार्यकर्ता म्हटलं की पहिला प्रश्न, कोणत्या पार्टीचा.

वर्धेकर: तळागाळ ठेवा असं माझं मत, पण पत्रिकेत नको. शिबिरात त्या शेतकरीबाबांची गोष्ट सांगून मग वापरा. प्रशिक्षण मात्र बदला. गावात त्याचं ट्रेनिंग झालंच आहे आणि ट्रेनिंग म्हणजे खुर्चीवर बसून ऐकायचं, चहा-नाश्ता, सही, भत्ता. त्यापेक्षा तालीम चांगला. इथे वर्ध्यात १९३७ साली जी शिक्षण परिषद झाली तिथून नई तालीम निघाली, हातानं काम करता करता शिकणं. आणि मराठीत नाटकाची तालीम असते, पैलवानाची पण असते. दोन्हीत तेच तेच पुन्हा करून अंगात मुरवायचं असतं. ग्रामसभेत बोलायचं पण असंच शिकावं लागते, आधी चार जणांसमोर बोलून बघायचं, अडखळलं की परत.

झाडीपट्टीतली: तालीमला माझा पण होकार! आमच्याकडे दंडार म्हणजे गावातलं लोकनाट्य असो की वडश्याकडची नाटकं, तालीम म्हटलं की कोणाला समजावून सांगायची गरजच नाही. शिबिर शब्दाबद्दल पण विचार करा, गावात शिबिर म्हणजे डोळे तपासणी नाहीतर रक्तदान.

यवतमाळहून: मी आशा म्हणून काम करते. कार्यकर्ता शब्दावर एक सांगायचं आहे. आशा हा शब्द इंग्रजीतल्या अक्षरांवरून केलाय, त्यातलं शेवटचं अक्षर अॅक्टिव्हिस्टचं, अॅक्रेडिटेड सोशल हेल्थ अॅक्टिव्हिस्ट. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासून. मराठीत आम्ही झालो आशा स्वयंसेविका. म्हणजे इंग्रजीत आम्ही हक्कासाठी उभ्या राहणाऱ्या आणि मराठीत सेवा करणाऱ्या, आणि सेवा म्हटलं की पगार कायले पाहिजे, मोबदल्यावर भागवा. मानधन वाढीसाठी मोर्च्यात बसलो तेव्हा लोकं म्हणायचे सेविका असून मोर्चा? शब्दानंच आमचा हक्क कमी केला असं मला मनापासून वाटते. त्या पोरींना सेविका, स्वयंसेविका काही म्हणू नका, कार्यकर्तीच म्हणा. पार्टीवाल्यांनी तो शब्द घेतला असेल तर आपण परत घ्यावा.

मूळ धागा लिहिणारा: ताई, हे मला माहीतच नव्हतं, पुढच्या वेळी हे पोरींना नक्की सांगणार. कार्यकर्ती ठेवतो.

नागपूरकर: सहभागी माध्यम हा शब्दशः केलेला शब्द आहे, तो बोलण्यात येणार नाही. काय घडतं ते सांगा. १९६७ साली कॅनडात फोगो नावाच्या बेटावर हे काम झालं होतं, कोळ्यांच्या वस्त्या, सरकार त्यांना बेटावरून हलवायच्या विचारात, आणि वस्त्यांचं आपसात फारसं बोलणं नाही. तिथल्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाच्या लोकांनी बेटावरच्यांना बोलतं केलं, चित्रण केलं, आणि ज्याचं चित्रण त्याला आधी दाखवून, त्याचा होकार घेऊन मग बाकी वस्त्यांना दाखवलं. तेव्हा कळलं की सगळ्यांची अडचण एकच आहे. पुढे मासेमारांची सहकारी संस्था उभी राहिली, बेट रिकामं झालं नाही. म्हणजे मुख्य काम शूटिंग नाही, दाखवणं आहे. मी "गावचं गावाले दाखवणं" असंच म्हणेन, लांब आहे पण कोणी वर्गणी विचारणार नाही.

मूळ धागा लिहिणारा: हे फार आवडलं. आमच्या पोरांचं पण तसंच झालं, हातपंपाचा व्हिडिओ काढून सरळ ग्रुपवर टाकला तेव्हा फक्त अंगठे आले, आणि तोच व्हिडिओ देवळाच्या भिंतीवर पांढरा कपडा लावून दाखवला तेव्हा बाया उठून बोलायला लागल्या, कोणत्या पंपाचं पाणी कधीपासून लाल येतं ते तारखेसकट.

गडचिरोलीहून: तुम्ही मोठमोठ्या शब्दांवर अडलात पण मला वाटतं सगळ्यात आधी आम्ही आणि आपण शिकवा. मराठीत हे दोन वेगळे आहेत, आपणमध्ये ऐकणारा धरलेला असतो, आम्हीमध्ये नसतो. नवीन पोरं सभेत उभी राहतात आणि म्हणतात "आम्ही तुमच्या गावात जागृती करायला आलो". एका वाक्यात गाव बाहेर गेलं. पण आम्ही नेहमीच चुकीचं नाही. आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाची घोषणा पाहा, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार". इथे ऐकणारं सरकार आहे, म्हणून आपण चाललं नसतं, आणि त्या आम्हीच मधला च काढला तर जीवच जाईल. पण गावाच्या आत मात्र आपण. तिथे निर्णय सर्वसहमतीनं होतात, बहुमतानं नाही, आणि त्याआधी अभ्यास गटात बसून बोलणं होतं. अभ्यास गट हा शब्द पण घ्या, साधा आहे, कोणी वरचा कोणी खालचा नाही. २००९ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला त्यामागे अशी कितीतरी वर्षांची बसणी आहे.

मूळ धागा लिहिणारा: आम्ही-आपणचा एक तासच ठेवतो आता. पोरांना त्यांचेच व्हिडिओ परत ऐकवायचे आणि कुठे आम्ही म्हटलं, कुठे आपण, ते त्यांनाच मोजायला लावायचं.

पुढच्या पत्रिकेत हे लिहायचं ठरवतोय, बघा कसं वाटतं: "गावचं काम करणाऱ्या मुलामुलींची चार दिवसांची तालीम. आपल्या गावचं आपण पाहू, बोलू, गावाले दाखवू. वर्गणी नाही." एकच अडतंय, "संघटन" साठी काय लिहू? संघटना म्हटलं की लोकांना नोंदणी आणि अध्यक्ष-सचिव आठवतात, आणि "मोट बांधणे" मध्ये बांधणारा वेगळा आणि बांधले जाणारे वेगळे होतात. वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत लोक आपणहून जुळतात त्याला काय म्हणता तुमच्याकडे?

झाडीपट्टीतली: आईला विचारून सांगते. रोवण्याच्या वेळी बाया एकमेकींच्या बांधीत जातात ना, त्याला ती काहीतरी म्हणते.