पुंडीच्या रंगाने स्लाइड रंगवून रोगनिदान करता येईल का?

निपाणीकर (धागाकर्ता):
आपल्या सीमाभागात अंबाडीला पुंडी म्हणतात आणि तिची भाजी भाकरीबरोबर घरोघरी होते. लाल अंबाडीच्या बोंडांच्या अर्कात तुरटी घातली, तर तो पेशींच्या केंद्रकांना रंग देतो, असे प्रयोग झालेले आहेत. मग तालुक्यातल्या प्रयोगशाळांनी केंद्रके रंगवायच्या परदेशी हिमॅटॉक्सिलिन या रंगावर पैसे का घालवावेत?

खानापूरची तंत्रज्ञ:
हिमॅटॉक्सिलिनसुद्धा झाडाचेच आहे, हे आधी लक्षात घ्यावे. मेक्सिकोच्या कांपेचे भागातल्या झाडाच्या गाभ्याच्या लाकडातून ते काढतात आणि त्यालाही तुरटीचीच जोड लागते, त्यामुळे वनस्पती विरुद्ध रसायन असा हा वाद नाहीच. अडचण निराळी आहे. हिमॅटॉक्सिलिनमधून काढलेली स्लाइड आम्ही किंचित अल्कधर्मी पाण्यात धरतो, तेव्हा लालसर जांभळी केंद्रके स्वच्छ निळी होतात. पुंडीचा लाल रंग आम्लात खुलतो, पण खाण्याचा सोडा पडला की निळसर-हिरवट होऊन विटतो (सरबतात चिमूटभर घालून पाहावा). त्यातून आमच्याकडे एक दिवस नळाचे पाणी, तर दुसऱ्या दिवशी बोअरचे, म्हणजे पाण्याची अल्कधर्मिता रोज वेगळी.

बेळगावचा पॅथॉलॉजिस्ट:
खर्चाचा मुद्दाही टिकत नाही. हे द्रावण बनवण्याच्या मायरच्या कृतीत लिटरभर द्रावणाला हिमॅटॉक्सिलिन लागते अवघे 1 ग्रॅम. खरा पैसा मायक्रोटोमवर (पातळ छेद कापणाऱ्या यंत्रावर) आणि तो चालवणाऱ्या हातांवर जातो. गाठ साधी की कर्करोगाची, हे ठरवताना मी केंद्रकातल्या क्रोमॅटिनचा (डीएनए आणि प्रथिनांच्या द्रव्याचा) पोत पाहतो, आणि तो आज भरड, उद्या पुसट दिसणार असेल, तर रुग्णाच्या अहवालावर मी सही करणार नाही.

निपाणीकर:
सहीचा मुद्दा मान्य आहे. परंतु 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जगभर हिमॅटॉक्सिलिनचा तुटवडा पडला होता, हे आपणही जाणता. एकाच झाडावर सगळी भिस्त ठेवण्यापेक्षा, निदान विद्यार्थ्यांना शेळीच्या यकृताचे छेद पुंडीने रंगवू द्यायला काय हरकत आहे?

खानापूरची तंत्रज्ञ:
शिकवण्यापुरती माझी हरकत नाही. मेणात बसवलेल्या ऊतीच्या एकाच ब्लॉकमधून 4 मायक्रॉनचे लागोपाठचे दोन छेद घ्यावेत, एक पुंडीने आणि दुसरा नेहमीच्या द्रावणाने रंगवावा, आणि लेबले झाकून डॉक्टरांपुढे ठेवावेत. नंतर तीच जोडी तीन महिन्यांनी पुन्हा पाहावी, कारण स्लाइड वर्षानुवर्षे जपावी लागते आणि भाजीपाल्याचे रंग उजेडात लवकर उडतात. तोवर पुंडीच्या स्लाइडवरून कोणाही रुग्णाचा अहवाल निघू नये.