मदत हवी आहे: प्रवाळांच्या टाकीत तपकिरी शेंबूड, आणि नवे प्रवाळ कधी आणू?

काठावरचा:

मंडळी, दोन महिने झाले, माझं आणि टाकीचं जुंपलंय आणि टाकी जिंकतेय. शेवटी धागा काढतोय.

टाकी तीन वर्षांची. ९० × ५० × ४५ सेंटिमीटर, म्हणजे दोनशे लिटर, खाली साठेक लिटरचा संप, म्हणजे यंत्रं ठेवायची दुसरी टाकी. संपात स्किमर (फेसाबरोबर मळ काढणारं यंत्र), हीटर आणि फॉस्फेट शोषणाऱ्या लोहाच्या दाण्यांचा रिअ‍ॅक्टर. दोन क्लाउनफिश, एक पिवळा गोबी, एक क्लीनर कोळंबी. प्रवाळांत एक हॅमर, दोन टॉर्च, झोअँथिडचा पसरलेला गालिचा, थोडे मशरूम. वरच्या खडकावर बर्ड्सनेस्ट आणि मॉन्टिपोराची ताटली. बर्ड्सनेस्ट 'होतं' म्हणायला हवं.

सुरुवात झाली मागच्या काचेवरच्या हिरव्या केसाळ शेवाळापासून. घरी कुणी आलं की नेमकं तेवढंच दिसायचं त्यांना. म्हणून चंग बांधला. रिअ‍ॅक्टरमधले दाणे दुप्पट केले, माशांना खाणं दिवसाआड, स्किमर जरा जास्तच ओला लावला. महिन्याभरात शेवाळ गेलं, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. पाणी असं की मासे हवेत टांगलेत वाटावं. मी खूश.

मग वाळूवर तपकिरी साय धरली. आधी वाटलं डायटम (सूक्ष्म शेवाळ) असतील, येतील नि जातील. आठवड्याभरात ती खडकांवर चढली. आता शेंबडासारख्या तारा लोंबतात आणि तारेच्या टोकाला हवेचा एकेक बुडबुडा. नळीने ओढून काढतो, दुसऱ्या दिवशी दुपारी जैसे थे. तीन टर्बो गोगलगायी वाळूवर उताण्या सापडल्या. सुलट्या करून काचेला लावल्या तर त्यांना धरवतच नव्हतं, हळूच गळून पडायच्या. बर्ड्सनेस्टची टोकं आधी पांढरी झाली, मग बुडापासून कातडी सुटत वर आली. चार दिवसांत नुसता सांगाडा. मॉन्टिपोराची कड गेलीय, मधला भाग अजून जांभळा आहे. हॅमर अर्धाच फुलतो.

आजची मोजमापं: तापमान २५.५, खारटपणा ३५, अल्कलिनिटी (प्रवाळांना सांगाड्यासाठी लागणारं कार्बोनेट) १०.८ डीकेएच (वर्षभर ८.२ असायची), कॅल्शियम ४४० (आधी ४२०), मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट ०, फॉस्फेट ०.००. अल्कलिनिटी आणि कॅल्शियम रोज घालणाऱ्या डोसिंग पंपाला वर्षभर हात लावलेला नाही. वरून भर घालायचं पाणी आरओ-डीआयचं, विरघळलेले क्षार (टीडीएस) शून्य.

हे नक्की काय आहे? मोठं पाणी बदलू का, की सगळं उपसून नव्याने सुरू करू? आणि वरचा रिकामा खडक बघवत नाही, तर नवे फ्रॅग (प्रवाळांचे लावायचे तुकडे) कधी आणता येतील? एका मित्राकडे तयार आहेत. तो म्हणतोय आजच ये.

ओहोटी:

मित्राला नाही म्हणून सांगा आधी. मग बाकीचं बोलू.

एक गोष्ट बघून कळवा. रात्री दिवे गेल्यावर ही साय कमी होते का? उद्या दिवे लागायच्या आधी टॉर्च घेऊन बघा.

(प्रवाळातली टॉर्च नव्हे, हातातली.)

खडीमीठ:

एवढं कशाला? निम्मं पाणी बदला, वाळू धुऊन घ्या, मोकळे व्हा. माझ्या टाकीला तपकिरी थर आला होता तेव्हा हेच केलं होतं.

शिंपला:

खडीमीठ, तुमचा थर डायटमचा असणार, नव्या टाकीत येतो तो. हे लक्षण वेगळं दिसतंय. तीन वर्षांची टाकी, दोन्ही पोषकं शून्यावर, बुडबुडे धरणाऱ्या तारा आणि मरणाऱ्या गोगलगायी. माझा पहिला संशय डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे डायनो या एकपेशी सूक्ष्मजीवांवर. तसं असेल तर ताज्या पाण्याने आणि वाळू ढवळण्याने त्यांचं फावतं, अशी बऱ्याच जणांची रड आहे.

काठावरचा, घरच्या घरी करायची एक परीक्षा सांगतो. पिचकारीने थोडी साय ओढून झाकणाच्या बाटलीत घ्या आणि बाटली खूप हलवा, तारा पार मोडल्या पाहिजेत. मग ते पाणी कॉफीच्या गाळणकागदातून गाळा. खाली आलेलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन दिव्याखाली तासभर ठेवा. गाळलेल्या नितळ पाण्यात पुन्हा तारा जमल्या तर डायनो. बाकीचे बहुतेक प्रकार असे परत एकत्र येत नाहीत.

काठावरचा:

दोन्ही केलं. ओहोटी, पहाटे वाळू जवळजवळ पांढरी होती! दुपारी एकपासून पुन्हा रंग चढायला लागला.

बाटलीचं म्हणाल तर चाळीस मिनिटांतच ग्लासाच्या तळाला जाळं धरलं. स्वच्छ पाण्यात, डोळ्यांदेखत. अंगावर काटा आला.

भाचीचा शाळेचा सूक्ष्मदर्शक आणला. चारशे पटीवर तिळासारखे, एका बाजूला निमुळते दाणे दिसतात. बरेचसे टोकाला दोरी बांधल्यासारखे जागच्या जागी गरगर फिरतायत. भाची म्हणाली, खुंट्याला बांधलेली वासरं.

शिंपला:

भाचीला शंभर गुण. एका टोकाशी अडकून गरगरणारा थेंब म्हणजे ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोंचाच एक प्रकार. गोगलगायींचाही उलगडा झाला, त्याच्या विषाने त्या अशाच लुळ्या पडतात.

त्यातल्या त्यात हा बरा. तो रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून पहाटे वाळू पांढरी. आणि पाण्यात आला की यूव्हीच्या, म्हणजे पाण्यातले जीव मारणाऱ्या अतिनील दिव्याच्या तावडीत सापडतो. अ‍ॅम्फिडिनियम असता तर वाळूतच दडी मारून बसला असता आणि यूव्हीचा फारसा उपयोग नव्हता.

निळी रेघ:

मधेच तोंड घालते, पण हे आधी. काठावरचा, 'नळीने ओढून काढतो' असं लिहिलंयत. तोंडाने ओढून नळी सुरू करता का?

काठावरचा:

हो. का?

निळी रेघ:

आजपासून बंद. ऑस्ट्रिऑप्सिसचं विष पॅलिटॉक्सिनच्या जातकुळीतलं असतं. खुद्द पॅलिटॉक्सिन तुमच्या झोअँथिडच्या भाऊबंदांत, विशेषतः पॅलिथोआत सापडतं. नळी पाण्यात पूर्ण बुडवून भरून घ्या किंवा हातपंप वापरा. हातमोजे घाला, हाताला कापलं असेल तर टाकीत हात घालूच नका. झोअँथिड कापताना डोळ्यांना चष्मा हवा. आणि खडक 'निर्जंतुक' करायला म्हणून कधीही उकळू नका. त्या वाफेने घरंच्या घरं दवाखान्यात गेलेली आहेत.

ओहोटी:

निळी रेघ, बरं केलंत विचारलंत. मी ते वाक्य वाचून पुढे गेलो होतो.

आता उपाय. काठावरचा, तुमचं पाणी घाण झालेलं नाही, उपाशी पडलंय. खाणं मुबलक असताना शेवाळ आणि जीवाणू खडकावरची जागा अडवून बसतात आणि डायनोंना थारा मिळत नाही. तुम्ही दोन्ही पोषकं खरवडून काढलीत, तशी जागा मोकळी झाली आणि हे येऊन बसले.

लोहाचे दाणे आजच काढा, पूर्ण. रिअ‍ॅक्टरमध्ये सक्रिय कोळसा भरा, विषासाठी. माशांना रोज खाऊ घाला. पाणी बदलणं काही आठवडे बंद. सोडियम नायट्रेटचं द्रावण घालून नायट्रेट ५ ते १० वर न्या, ट्रायसोडियम फॉस्फेटचं द्रावण घालून फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या मध्ये. फॉस्फेटचा पहिला आठवडा वैताग आणेल. संध्याकाळी ०.०८ दिसेल, सकाळी पुन्हा शून्य. द्रावण खोटं नाही, उपाशी खडक ते पिऊन टाकतात. त्यांची तहान भागेपर्यंत रोज मोजून थोडं थोडं घालत राहायचं. एकदम ओतायचं नाही.

यूव्ही साधारण दहा-बारा लिटरमागे एक वॅट, म्हणजे तुम्हाला अठराच्या आसपास. ती संपात लावू नका. पाणी थेट टाकीतून उचलून टाकीतच सोडायचं, प्रवाह संथ, चोवीस तास चालू. सुरुवातीला तीन दिवस दिवे पूर्ण बंद केलेत तर जास्त डायनो पाण्यात उतरतील. प्रवाळांना तीन दिवसांचा अंधार सोसतो. नुसत्या अंधाराने मात्र भागत नाही, दिवे लागले की हे परत हजर.

टायट्रेशन:

सगळे डायनोंच्या मागे आहेत, मला अल्कलिनिटी खुपतेय.

प्रवाळ सांगाडा बांधतात तेव्हा दर २.८ डीकेएचमागे २० पीपीएम कॅल्शियम संपतं. डोसिंगच्या दोन बाटल्या त्याच प्रमाणात ओततात. तुमची अल्कलिनिटी ८.२ वरून १०.८, म्हणजे २.६ ने चढली. त्या हिशेबाने कॅल्शियम अठरा-एकोणीसने चढायला हवं, तुमचं वीसने चढलंय. पंप बिघडलेला नाही, मीठही बदललेलं नाही. बर्ड्सनेस्ट मेलं, मॉन्टिपोराने वाढ थांबवली आणि पंप मात्र रोज चार ताटं वाढतोय. जेवायला कुणी नाही.

पोषकं शून्य आणि अल्कलिनिटी अकराच्या घरात, या जोडगोळीने नाजूक प्रवाळांची टोकं भाजतात. तुमचं बर्ड्सनेस्ट बहुधा आधी त्याने गेलं, डायनो नंतर. पंप बंद ठेवा आणि रोज एकाच वेळी मोजा. हॅमर आणि खडकांवरचं गुलाबी कोरलाइन शेवाळ मिळून हळूहळू खाली आणतील. आम्लबिम्ल घालून घाईने पाडू नका. ८ च्या जवळ आली की निम्म्या मात्रेने पुन्हा सुरू.

आणखी एक, खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर कशावर जुळवता? साध्या आरओ पाण्यावर शून्य जुळवलं की पस्तिसाशी चूक राहू शकते. ३५ चं प्रमाण द्रावण वापरा.

काठावरचा:

टायट्रेशन, चार ताटांचं वाचून कसंनुसं झालं. पंप बंद केला.

रिफ्रॅक्टोमीटर आरओवरच जुळवत होतो. द्रावणावर तपासला तर ३५ ला ३३ दाखवतो, म्हणजे माझं पाणी सदतिसाच्या आसपास होतं. आता रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच गोडं घालतोय, आठवड्यात उतरवेन.

मॉन्टिपोराचा जिवंत भाग कापून मित्राच्या टाकीत ठेवायला देऊ का? तेवढा तरी वाचेल.

शिंपला:

मित्र टिकवायचा असेल तर नको. तुकड्याबरोबर डायनोही जातील. मेलेली कड जिवंत भागात अर्धा सेंटिमीटर आत घेऊन कापून टाका आणि ताटली तिथेच राहू द्या. बर्ड्सनेस्टचा सांगाडा काढा, नाहीतर त्यावर पहिलं केसाळ शेवाळच उगवेल.

काठावरचा: (पाच आठवड्यांनंतर)

अंधाराचे तीन दिवस घरात कुणी हॉलमध्ये बसेना. चौथ्या दिवशी दिवे लावले, वाळू पांढरी. आठव्या दिवशी एका कोपऱ्यात पुन्हा तारा दिसल्या, पोटात गोळा आला, पण त्या पसरल्या नाहीत. फॉस्फेटने ओहोटी म्हणाले तसंच छळलं. अकरा दिवस रोज सकाळी शून्य. बाराव्या दिवशी ०.०३ दिसलं तेव्हा मी घरात ओरडलोच.

आज नायट्रेट ७, फॉस्फेट ०.०७, अल्कलिनिटी ८.४. गेले अठरा दिवस तार दिसलेली नाही. हॅमर पूर्वीसारखा फुगतो. मॉन्टिपोराच्या कापलेल्या कडेवर पांढरी रेघ आलीय, ती वाढीची आहे असं वाटतंय.

आता तरी फ्रॅग आणू?

ओहोटी:

रेघ वाढीचीच. अजून दोन आठवडे थांबा, मग आधी दोनच गोगलगायी सोडा. आठवडाभर त्या काचेवर हिंडल्या तर पाणी बिनविषारी. त्यानंतर एखादा मशरूम किंवा झोअँथिड, मग युफिलियाच्या, म्हणजे हॅमर-टॉर्चच्या जातीतलं काही. बर्ड्सनेस्ट सगळ्यांत शेवटी. वेळ कशी ओळखायची, तर टायट्रेशन सांगतील.

टायट्रेशन:

पंप बंद ठेवून अल्कलिनिटी दिवसाला किती उतरते ते आठवडाभर लिहा. उतार रोज तेवढाच येऊ लागला आणि तेवढंच घालून आकडा एका जागी राहिला, की बर्ड्सनेस्ट आणा. एका वेळी एक.

निळी रेघ:

आणि थेट टाकीत टाकू नका. छोटी निरीक्षणाची टाकी ठेवा, नुसता हीटर, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) आणि बरा दिवा. आल्याबरोबर प्रवाळांच्या औषधी द्रावणात बुचकळून काढा. पण त्याने चपट्या किड्यांची अंडी मरत नाहीत, म्हणून खालचा प्लग (फ्रॅग चिकटवलेली चकती) कापून फेका आणि दर आठवड्याला भिंगातून बुडखा बघा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे कोषही प्लगला चिकटून येतात. त्याची भीती असेल तर मासा नसलेल्या टाकीत ७६ दिवस ठेवायची रीत आहे. मला ते दर वेळी जमत नाही, हे कबूल. प्रकाशही आधी कमी, वाळूवर ठेवून दोन-तीन आठवड्यांत वर चढवा.

घेताना टाकीत वाढवलेलाच फ्रॅग घ्या, समुद्रातून उपटलेला नको. दगडी प्रवाळ साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, बाहेरून आलेला असेल तर कागद मागायला लाजू नका.

काठावरचा: (आणखी दोन महिन्यांनी)

गोगलगायी ठणठणीत. एक मशरूम आणि एक टॉर्च टाकीत रुळले. उतार रोजचा ०.३ वर स्थिर झाला म्हणून काल बर्ड्सनेस्टचा फ्रॅग आणला, निरीक्षणाच्या टाकीत आहे. मागच्या काचेवर बोटभर हिरवं शेवाळ परत आलंय. पुढची काच घासतो, मागच्या काचेला हात लावत नाही.

एक शंका. प्लग कापला, पण बुडख्याला खसखशीएवढे पांढरे ठिपके दिसतायत. अंडी असतील का?

निळी रेघ:

भिंगातून बघा, गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं आहे का?

काठावरचा:

हो, प्रत्येक ठिपका वेटोळा, कडक. नखाने निघत नाही.

निळी रेघ:

मग स्पायरॉर्बिड, नळीत राहणारे बारके किडे. काही करत नाहीत, राहू द्या. अंडी मऊसर असतात, ओळीत नाहीतर पुंजक्यात. पुढच्या आठवड्यात परत बघा.