बॅटरी भरली की इंजिन आपोआप बंद: टीएल४३१ चं सर्किट

प्रश्न:
पेट्रोल इंजिनाला पट्ट्याने गाडीचा अल्टरनेटर जोडलाय, त्यावर १२ व्होल्ट १०० एएच (ॲम्प-तास) लेड-ॲसिड बॅटरी. इग्निशन मॅग्नेटोचं (ठिणगी बॅटरीशिवाय, फिरत्या चुंबकातून). १४.४ व्होल्टला इंजिन बंद पडायला हवं. टीएल४३१ ने (ठरलेल्या व्होल्टेजला चालू होणारी छोटी आयसी) रिले थेट ओढतो, पण सेटिंगजवळ तो थरथरतो. हिस्टरेसिस (चालू आणि बंद होण्याच्या व्होल्टेजमधलं अंतर) वाढवू का?

उत्तर १:
नको, लॅच करा, म्हणजे एकदा ओढलेला रिले रिसेट करेपर्यंत तसाच राहील. इंजिन मंदावलं की व्होल्टेज १३ च्या आसपास उतरतं, रिले सुटतो आणि चाक अजून फिरतंय तोवर इंजिन पुन्हा पेट घेतं. दोन संपर्कांचा रिले घ्या: एक संपर्क किल वायर (मॅग्नेटोची, बॉडीला टेकली की ठिणगी बंद) इंजिनाच्या बॉडीला टेकवेल, दुसरा टीएल४३१ च्या कॅथोड-ॲनोडला समांतर. रिसेटसाठी कॉइलच्या पुरवठ्यात नॉर्मली क्लोज्ड (दाबल्यावरच तुटणारं) पुश बटण. ४०० ओहमची कॉइल ३० मिलीॲम्प घेते, टीएल४३१ ची मर्यादा १००. कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड विसरू नका.

डिव्हायडर (बॅटरीचं व्होल्टेज वाटून टीएल४३१ ला देणारे रेझिस्टर): वर ४३के आणि १०के प्रीसेट (फिरवायचा रेझिस्टर), खाली १०के. सेटिंग साधारण १३.२ ते १५.७ व्होल्ट फिरतं. खालच्या १०के वर १०० मायक्रोफॅरड लावा, क्षणिक उसळीने ट्रिप होणार नाही.

उत्तर २:
किल वायरवर साधा ट्रान्झिस्टर लावू नका, तिथे शेकडो व्होल्टच्या उसळ्या असतात; रिलेचा कोरडा संपर्कच बरा. सेन्सच्या (व्होल्टेज मोजणाऱ्या) दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून आणा. चार्जिंग वायरीत १० मिलीओहम असले तरी ३० ॲम्पला ०.३ व्होल्ट पडतात, मग ट्रिप लवकर. सेन्सला १ ॲम्प फ्यूज, त्यानंतर पी६केई१८ए (व्होल्टेजची उसळी गिळणारा डायोड). आणि चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर काढायची नाही.

उत्तर ३:
आधी मीटर लावून बघा, १४.४ येतात का? बऱ्याच अल्टरनेटरचा आतला रेग्युलेटर १४.२ च्या आसपासच अडवतो, म्हणजे ट्रिप कधीच नाही. सेटिंग १४.० केलं तर बॅटरी निम्मी-अर्धी भरली असतानाच इंजिन बंद. खरी खूण करंटची: १४ च्या वर तो २-३ ॲम्पपर्यंत उतरला की भरली. पण ५० ॲम्प-७५ मिलीव्होल्ट शंटवर (करंट मोजायचा बारीक रेझिस्टर) ३ ॲम्पला ४.५ मिलीव्होल्टच मिळतात, आणि ते वाढवणाऱ्या एलएम३५८ आयसीचा ऑफसेटच (स्वतःची चूक) ७ मिलीव्होल्टपर्यंत असू शकतो. त्यापेक्षा सेटिंग १४.० ठेवून रिलेचा किल संपर्क १२ व्होल्टच्या ऑन-डिले टायमरला (पुरवठा मिळाल्यावर ठरल्या वेळाने चालू होणारा) द्या, दोन तास लावा, टायमरचा संपर्क किल वायरला. लॅच तसाच राहू द्या, मध्ये व्होल्टेज उतरलं तरी टायमर शून्यावर येत नाही.

प्रश्नकर्ता:
बंद झाल्यावर कॉइल बॅटरी खात राहील ना?

उत्तर १:
३० मिलीॲम्प म्हणजे दिवसाला ०.७ एएच, टायमरचा वेगळा. पुरवठा स्विचमधून घ्या आणि इंजिन थांबल्यावर स्विच बंद करा.