साउंड स्लीपमधला साउंड

इंग्रजीत गाढ झोपेला ‘साउंड स्लीप’ म्हणतात. ‘साउंड’ म्हणजे तर आवाज, मग झोपेत आवाज कुठून आला, हा प्रश्न मस्तच आहे. आवाजाचा तिथे काहीच संबंध नाही. तो ‘साउंड’ म्हणजे धडधाकट, निकोप. शिंक आली की जर्मन माणूस ‘गेझुंडहाइट’ म्हणतो ना, त्यातल्या ‘गेझुंड’चा हा भाऊबंद.

आवाजवाला ‘साउंड’ लॅटिन ‘सोनुस’पासून फ्रेंचमार्गे आला. मध्ययुगीन इंग्रजीत तो नुसता ‘सून’ होता, शेवटचा ‘ड’ नंतर चिकटला. ‘न’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथूनच ‘ड’ निघतो, म्हणून असं होतं. ‘थंडर’मधला ‘ड’ही असाच उपरा. मला खरा आनंद पुढच्या गोष्टीचा वाटतो: ‘सोनुस’ आणि संस्कृत ‘स्वन’ एकाच मुळाचे. आपल्या भाषाविज्ञानातला ‘स्वनिम’, म्हणजे भाषेतल्या ध्वनीचं एकक, त्याच घरातला!

तिसरा ‘साउंड’ म्हणजे सामुद्रधुनी. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या ‘ओरेसुंड’मध्ये तो अजून दिसतो.

चौथा, पाण्याची खोली मोजणे, फ्रेंच ‘सोंदे’वरून. खलाशी दोरीला शिशाचं वजन बांधून सोडत. वजनाच्या बुडाला खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली. वर ओढलं की चरबीला चिकटलेली वाळू नाहीतर शिंपल्यांचा चुरा पाहून तळ कसा आहे ते कळे. आता तीच खोली ‘सोनार’ (sonar) यंत्राने, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मोजतात. मुळात नातं नसलेले हे दोन ‘साउंड’ शेवटी समुद्रात भेटले.