शेरिल क्रो: कोरसमध्ये घडली, की कोरस सोडला म्हणून घडली?

पायपेटी
अमेरिकन रॉक गायिका शेरिल क्रो 2023 साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या सन्मानयादीत गेली. तेव्हापासून तिच्यावरच्या बहुतेक लेखांचा सूर एकच आहे: बिचारी मायकल जॅक्सनच्या मागे कोरसमध्ये, म्हणजे साथीच्या गायकांत, उभी राहून गायची, मग नशीब उघडलं. मला हे पटत नाही. सप्टेंबर 1987 ते जानेवारी 1989 या काळात जॅक्सनच्या 'बॅड' दौऱ्याचे 123 कार्यक्रम झाले. तीच तिची तालीम.

त्या कोरसमध्ये तिच्यासोबत तीन पुरुष गायक होते. चौघांचा आवाज एकजीव करायचा तर सगळ्यांचा 'आ' एकाच आकाराचा लागतो, आवाजातला कंप जवळपास काढून टाकावा लागतो, श्वासाच्या जागा आधी ठरवाव्या लागतात. ओळीच्या शेवटी 'स' किंवा 'ट' आला तर तो एकानेच उच्चारायचा, बाकीच्यांनी स्वरावरच थांबायचं. नाहीतर चार माइकमधून चार वेळा 'ट' ऐकू येतो. हे सगळं नाचता नाचता! शिवाय 'आय जस्ट कान्ट स्टॉप लव्हिंग यू' हे युगुलगीत रेकॉर्डवर सायडा गॅरेटचं आहे, दौऱ्यावर ते क्रो गायची. एवढ्या गर्दीसमोर पुढे येऊन गायचा सराव कुठल्या क्लासमध्ये मिळतो?

सहावी तार
असहमत. तुम्ही जी शिस्त सांगताय, तीच तिला विसरावी लागली.

पुरावा तिच्याच कारकिर्दीत आहे. तिचा पहिला अल्बम ह्यू पॅजमने केला होता. 'द पोलीस' हा बँड, गायक फिल कॉलिन्स यांच्याबरोबर काम केलेला नावाजलेला निर्माता. 1992 मध्ये तो अल्बम यायचा होता, पण फारच गुळगुळीत झाला म्हणून बासनात गेला. सूर चोख, माणूस गायब. मग ती निर्माता बिल बॉट्रेलच्या कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाच्या स्टुडिओत मंगळवारी जमणाऱ्या मंडळींत गेली आणि 1993 चा 'ट्यूजडे नाइट म्युझिक क्लब' झाला.

आता त्यातलं 'ऑल आय वॉना डू' कान देऊन ऐका. कडव्यांत ती अर्धं बोलते, अर्धं गाते. शब्द ठेक्याच्या किंचित मागे टाकते, ओळीचं शेपूट तसंच लोंबू देते. कोरसमध्ये असं केलं तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील. तिथे सगळ्यांनी एकाच क्षणी उतरायचं असतं. पुढे गाणाऱ्याला मात्र ठेक्याशी लपंडाव खेळता आला पाहिजे.

कॉपीराइटवाले काका
गळ्यावर इतकी चर्चा, पण हिशेबाचं काय? कोरसवाल्याला कामाचे पैसे मिळतात, काम संपलं की बहुतेकदा खातं बंद. गीतकार-संगीतकाराला गाणं वाजत राहील तोवर वाटा मिळतो. खरा फरक इथे पडतो.

त्याच गाण्याचं उदाहरण घ्या. चाल जमली होती, क्रोचे शब्द जमत नव्हते. बॉट्रेलच्या हाती विन कूपर या कवीचा संग्रह लागला, त्यातली 'फन' ही कविता चालीवर बसवली. श्रेयात पाच नावं आहेत: क्रो, कूपर, बॉट्रेल, डेव्हिड बेअरवॉल्ड, केविन गिल्बर्ट. गाणं बिलबोर्डवर दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, 1995 मध्ये रेकॉर्ड ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. वाटा पाचांत गेला, कीर्ती एकटीला. पुढे त्या मंडळींत बिनसलं ते याच कारणाने: कुणी काय लिहिलं यावरून.

म्हणून चार जण बसून गाणं करत असाल तर त्याच रात्री, खोली सोडण्याआधी, कागदावर टक्के लिहा आणि सह्या घ्या. बेरीज 100 झालीच पाहिजे. गाणं चाललं की प्रत्येकाला आपलंच योगदान आठवतं.

खर्ज
काकांशी निम्मा सहमत. 'ट्यूजडे नाइट म्युझिक क्लब'वरून तिला 'गीतकार' म्हणणं ओढूनताणून होतं, ही शंका तेव्हाही घेतली गेली. उत्तर तिच्या 1996 च्या अल्बममध्ये आहे. बॉट्रेल सुरुवातीलाच बाहेर पडला, निर्मिती तिने स्वतः केली, बरीच वाद्यंही स्वतः वाजवली. त्यातलं 'इफ इट मेक्स यू हॅपी' तिने जेफ ट्रॉटबरोबर लिहिलं. कडवं खाली, जवळपास कुरकुरत. धृपदाला आवाज एकदम वर झेपावतो आणि फाटायच्या काठावर राहतो. रॉकस्टार ती इथे झाली. त्या अल्बमला रॉकचीच दोन ग्रॅमी मिळाली.

मागची रांग
'लिहिलं की तारलं' हा सिद्धांत फार सोयीचा आहे. सायडा गॅरेटने ग्लेन बॅलार्डबरोबर जॅक्सनचं 'मॅन इन द मिरर' लिहिलं. तरी त्याच्याच 1992 च्या 'डेंजरस' दौऱ्यात ती कोरसमध्येच होती. मेरी क्लेटनचा रोलिंग स्टोन्सच्या 'गिमी शेल्टर'मधला आवाज जगाला पाठ आहे, तिचे एकल अल्बम मात्र फारसे चालले नाहीत. डार्लिन लव्हने गायलेलं 'ही'ज अ रेबेल' 1962 मध्ये चक्क क्रिस्टल्स या दुसऱ्याच गटाच्या नावावर निघालं.

तिघीही कृष्णवर्णीय. गिटार घेतलेली गोरी बाई रॉक म्हणून विकायची आणि तितक्याच ताकदीची काळी गायिका कोरसला ठेवायची, ही त्या धंद्याची सवय. ती बाजूला ठेवून 'शिस्त की मोकळेपणा' हा वाद घालणं म्हणजे अर्धंच चित्र बघणं.

कॉपीराइटवाले काका
मग ल्यूथर वॅन्ड्रॉस? तोही कृष्णवर्णीय. डेव्हिड बोवीच्या 1975 च्या 'यंग अमेरिकन्स'वर कोरस, त्यातल्या 'फॅसिनेशन'मध्ये सहलेखन, आणि 1981 मध्ये 'नेव्हर टू मच' स्वतः लिहून, स्वतः निर्मिती करून.

मागची रांग
सोल म्हणून, म्हणजे कृष्णवर्णीयांचं संगीत म्हणून विकला गेला, काका. रॉकच्या फळीवर नाही. माझा मुद्दा तोच.

पायपेटी
मागची रांग, मुद्दा वजनदार आहे आणि मला त्याला उत्तर नाही द्यायचं. सहावी तार यांना मात्र द्यायचंय. 'विसरावी लागली' म्हणता, पण 'इफ इट मेक्स यू हॅपी'च्या धृपदातली ती वरची झेप बेसूर न होता रोज रात्री मारायची ताकद कोरसनेच दिली.

सहावी तार
ताकद दिली असेल, पण सवयीही दिल्या. कोरसवाला माइकपासून ठराविक अंतर राखतो, कारण पातळी हलली की मिश्रण बिघडतं. पुढे गाणाऱ्याने कुजबुजीला माइकपासून दोन बोटांवर जायचं, म्हणजे खालचे स्वर भरतात, आणि वरच्या सुराला वीतभर मागे सरायचं. दुसरी खोड डेमोची, म्हणजे नमुन्याच्या रेकॉर्डिंगची: मूळ चाल कच्ची असते आणि कोरसवाले तिच्यावर स्वतःच्याच आवाजाचे सहा थर चढवतात. ऐकायला गोड, लक्षात काहीच राहत नाही. एक गिटार, एक माइक, थर नाहीत, प्रतिध्वनी नाही, असं रेकॉर्ड करून बघा. तिथे चाल उभी राहिली नाही तर दोष चालीतच आहे, थर वाढवून तो जाणार नाही.