हे व्हॅम्पायर पिक्चर मुद्दाम एवढे संथ केलेत की पैसेच नव्हते?

रातवा (धागाकर्ता)

गेले तीन आठवडे रोज रात्री जुने युरोपियन व्हॅम्पायर पिक्चर बघतोय, साधारण १९५७ ते १९८० मधले. सुरुवात केली हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या ड्रॅक्युलापासून, ख्रिस्तोफर लीचा १९५८ वाला, मग इटलीचे, मग स्पेनचे आणि तिथून झाँ रोलँ या फ्रेंच दिग्दर्शकापाशी पोचलो आणि आता तिथून पुढे सरकताच येत नाहीये.

ज्यांनी रोलँ बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. याच्या पिक्चरमध्ये कथा अशी फारशी नसतेच. पडका वाडा, दोन मुली, मेणबत्त्या, आणि माणसं इतकी हळू चालतात की आपण झोपेत चालतोय असं आपल्याला वाटायला लागतं. ‘शिव्हर ऑफ द व्हॅम्पायर्स’मध्ये (१९७१) नवी नवरी एकटी खोलीत आहे, रात्रीचे बारा वाजतात, आणि कोपऱ्यातल्या उंच लंबकाच्या घड्याळाचं दार उघडून आतून व्हॅम्पायर बाई बाहेर येते. धूर नाही, किंकाळी नाही, दार उघडलं आणि आली. मी दचकलो वगैरे नाही, पण तो घड्याळाचा प्रसंग चार दिवस डोक्यातून जाईना.

आणि तो समुद्रकिनारा! गोट्यांचा किनारा, मागे पांढरे कडे, आणि पाण्यात शिरत गेलेल्या लाकडी खुंटांच्या रांगा. पहिल्यांदा वाटलं छान जागा आहे, दुसऱ्या पिक्चरमध्ये परत तोच, तिसऱ्यात परत तोच.

आता प्रश्न. माझ्या एका मित्राचं म्हणणं असं की यात कला वगैरे काही नाही, पैसे नव्हते, रीटेक परवडत नव्हता, म्हणून जे जमलं ते ठेवलं आणि आपण आता त्याला काव्य म्हणतोय. मला हे पटत नाहीये पण खोडूनही काढता येत नाहीये. जाणकारांनी सांगा, हे संथपण, हे रिकामपण मुद्दामचं आहे की नाइलाजाचं?

जुनी_रीळ

धागा वाचून फार बरं वाटलं, रोलँवर मराठीत कोणी लिहीलच असं वाटलं नव्हतं.

किनाऱ्याचं आधी सांगते. तो नॉर्मंडीतला, दिएपजवळचा पूर्व्हिल. रोलँने तिथे पहिल्यांदा शूटिंग केलं ते १९५८ साली, एका शॉर्ट फिल्मसाठी, तेव्हा तो जेमतेम विशीचा होता. म्हणजे व्हॅम्पायर पिक्चर करायला लागायच्या दहा वर्षं आधीपासून ती जागा त्याच्या मनात घर करून होती. स्वस्त पडते म्हणून कोणी एकाच किनाऱ्यावर आयुष्यभर परत परत जात नाही हो. ‘लिप्स ऑफ ब्लड’ (१९७५) बघितलात का? त्यात एका माणसाला पार्टीत भिंतीवरच्या फोटोत एक पडका वाडा दिसतो आणि लहानपणीचं काहीतरी अर्धवट आठवतं, आणि शेवटी तो त्या वाड्यातल्या मुलीबरोबर शवपेटीत झोपतो आणि ती पेटी समुद्रात वाहत जाते. याच किनाऱ्यावरून. त्या शेवटासाठी मी तो पिक्चर किती वेळा बघितलाय ते मोजलेलं नाही.

पण मित्र अगदीच चूक नाही. रोलँचा पहिला मोठा पिक्चर, ‘रेप ऑफ द व्हॅम्पायर’, हा मुळात मोठा नव्हताच. एका जुन्या अमेरिकन व्हॅम्पायर पिक्चरला जोड म्हणून दाखवायला अर्ध्या तासाची फिल्म हवी होती, ती त्याने केली, मग निर्माता म्हणाला वाढवून पूर्ण लांबीचा कर. आता पंचाईत अशी की पहिल्या भागात सगळे मेलेले! मग काय, दुसऱ्या भागात त्यांना परत उठवलं. तो लागला पॅरिसमध्ये मे १९६८ ला, ऐन संप आणि दंगलीच्या दिवसांत, जेव्हा नवे पिक्चर कोणी लावत नव्हतं, त्यामुळे गर्दी झाली, आणि लोक इतके भडकले की पडद्यावर वस्तू फेकल्या. एवढं होऊनही पुढचा पिक्चर त्याने परत व्हॅम्पायरवरच काढला. पैशासाठी तो टोपणनावाने प्रौढांचे पिक्चर करायचा, तो पोटापाण्याचा भाग वेगळा, आणि व्हॅम्पायरचे मात्र मनापासून.

मला वाटतं पैसे नव्हते म्हणून गर्दी नाही, मोठे सेट नाहीत, घोडागाड्या नाहीत. पण त्या रिकाम्या जागेत काय ठेवायचं हे त्याचं त्याने ठरवलं. ते घड्याळ त्याचं आहे.

कंदीलवाला

इटलीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते या प्रश्नाचं खरं उत्तर मारिओ बाव्हा या दिग्दर्शकाकडे आहे.

१९५७ चा ‘इ व्हँपिरी’. बोलपट आल्यानंतरचा इटलीतला पहिला हॉरर म्हणतात तो हाच. दिग्दर्शक रिकार्डो फ्रेडा मधेच सोडून गेला आणि कॅमेरा सांभाळणाऱ्या बाव्हाने उरलेला पिक्चर पुरा केला. त्यात एक शॉट आहे, तरुण सुंदर बाई कॅमेऱ्यासमोर उभ्या उभ्या म्हातारी होते. कट नाही, डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं उमटणं) नाही, डोळ्यासमोर सुरकुत्या उगवतात. आज हे कॉम्प्युटरवर करतील, त्याने केलं मेकअप आणि रंगीत काचेवर.

कसं ते सांगतो, कारण मी हे समजून घेतलं तेव्हा उठून उभा राहिलो होतो. नटीच्या चेहऱ्यावर सुरकुत्या लाल रंगाने काढायच्या. वरून लाल प्रकाश टाकला की लालात लाल मिसळून जातं, चेहरा साफ दिसतो. मग तो लाल प्रकाश हळूहळू कमी करून हिरवा-निळा वाढवत न्यायचा. आता तीच लाल रेघ काळी पडते आणि चेहरा म्हातारा होत जातो. पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळे प्रेक्षकाला रंग बदललेला कळतच नाही. युक्ती जुनी आहे, हॉलिवूडने १९३१ च्या जेकिल-हाइडमध्ये वापरलेली, पण बाव्हाने ती जिथे बसवलीय तिथे अंगावर काटा येतो.

आता या ठिकाणी पैसा असता तर काय झालं असतं? थांबून थांबून मेकअपचे थर चढवले असते, मधे डिझॉल्व्ह टाकले असते, जसं लांडगामाणसाच्या पिक्चरमध्ये करायचे. ते बघताना आपल्याला कळतं की आता कॅमेरा बंद केला होता. इथे कळत नाही. बाव्हाचा बाप स्वतः सिनेमातला कारागीर, मूर्ती घडवणारा, त्यामुळे हातातल्या वस्तूतून काम काढायचं हे याच्या हाडीमाशी होतं.

‘प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स’ (१९६५) ची गोष्ट तर बाव्हाने स्वतःच सांगितलीय, की परग्रह दाखवायला त्याच्याकडे काय होतं, तर रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत कुठल्यातरी पौराणिक पिक्चरचे उरलेले दोन प्लास्टिकचे खडक. दोन! मग आरसे लावून त्याच दोन खडकांचे अनेक केले आणि उरलेली जागा रंगीत धुराने भरली. त्यात नावापुरतेच व्हॅम्पायर आहेत, पण बघाच.

रातवा

@कंदीलवाला, लाल रेघेचं वाचून मी पण उठून उभा राहिलो. एक उपप्रश्न, या इटालियन पिक्चरमध्ये ओठ आणि आवाज कधीच जुळत नाहीत. मला तर त्यानेसुद्धा ते स्वप्नासारखं वाटतं. तेही असंच का?

कंदीलवाला

हो. तिथे सेटवर आवाज रेकॉर्ड करायची पद्धतच नव्हती फारशी, सगळं नंतर डब. पैसे दोन-तीन देशांतून गोळा व्हायचे, त्यामुळे नटही दोन-तीन देशांतले, आणि अनेकदा प्रत्येक जण आपापल्या भाषेत संवाद म्हणायचा. एक इंग्रजीत विचारतोय, दुसरा इटालियनमध्ये उत्तर देतोय. म्हणून तर कुठलीही भाषा लावून बघा, ओठ कोणाचे ना कोणाचे चुकतातच. मुद्दाम नाही, पण परिणाम तुम्ही म्हणता तसाच होतो खरा.

स्पष्ट_बोलू

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. गरिबीतून कला आली असं म्हणत म्हणत आपण सगळंच माफ करून टाकतो आणि मग चांगलं काय नि वाईट काय हे बघायचं राहून जातं.

दिग्दर्शक जेस फ्रँको घ्या. १९७० चा त्याचा ‘काउंट ड्रॅक्युला’. ख्रिस्तोफर लीला हॅमरचा ड्रॅक्युला करून करून कंटाळा आला होता, त्याला कादंबरीतला ड्रॅक्युला करायचा होता, म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, रक्त पिऊन तरुण होत जाणारा. इथे त्याला तो मिळाला. वेडा रेनफील्ड म्हणून क्लाउस किन्स्की आहे. एवढी माणसं हाताशी असून पिक्चर मधेच बसतो, लांडगे म्हणून सरळ अल्सेशियन कुत्री दिसतात, आणि सुचलं नाही की झूम. तिथे मला कसलंही स्वप्न दिसत नाही, घाई दिसते. लीचं सुरुवातीचं वाड्यातलं काम इतकं जीव ओतून केलेलं आहे की उरलेला पिक्चर बघताना त्याच्यासाठी वाईट वाटतं.

आणि तरीही, हाच माणूस त्याच सुमारास ‘व्हँपिरोस लेस्बोस’ करतो! तिथे त्याने वाडाच काढून टाकलाय. इस्तंबूल, ऊन, समुद्र, व्हॅम्पायर बाई दिवसाढवळ्या उन्हात पडलेली. ती झालेली नटी सोलेदाद मिरांडा नुसती कॅमेऱ्याकडे बघते आणि बाकी काही लागत नाही. संगीत तर असं की पंचवीस वर्षांनी त्याची सीडी निघाली आणि गाजली, आणि टॅरंटिनोने त्यातला एक तुकडा ‘जॅकी ब्राउन’मध्ये घेतला. मिरांडाला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. ऑगस्ट १९७० मध्ये पोर्तुगालमध्ये कार अपघातात गेली, सत्तावीस वर्षांची होती, पिक्चर लागला १९७१ ला. मला तो पिक्चर आता सलग बघवत नाही, दर वेळी मधे थांबते.

तेव्हा माझं उत्तर असं की पैसे दोन्हीकडे कमीच होते. एका पिक्चरमध्ये नसलेल्या गोष्टीची नक्कल केली, दुसऱ्यात ती गोष्टच वगळली.

जुनी_रीळ

@स्पष्ट_बोलू, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. फक्त हॅमरचं नाव राहून गेलं म्हणून लिहिते. त्यांचा खर्चही तसा बेताचाच, पण त्यांच्याकडे बर्नार्ड रॉबिन्सन होता. ब्रे स्टुडिओत तो एकच सेट खांब फिरवून, पडदे बदलून परत परत नवा करायचा. १९६६ च्या ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’चे सेट तर लगेच रास्पुतिनच्या पिक्चरला वापरले, त्यातही लीच. आणि या ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’मध्ये ड्रॅक्युलाला एकही वाक्य नाही. ली म्हणायचा संवाद इतके भिकार होते की मीच म्हटले नाहीत, लेखक जिमी सँगस्टर म्हणायचा मी लिहिलेच नव्हते. काही असो, तो नुसता फिस्कारतो आणि त्याची दहशत बसते.

सांजवेळ

स्पेनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून घाईघाईत लिहितोय. तिथे पैशाइतकाच सेन्सॉरचा प्रश्न होता, हुकूमशहा फ्रँको १९७५ पर्यंत जिवंत (दिग्दर्शक फ्रँकोशी संबंध नाही). नट-लेखक पॉल नॅशी, मूळचा वेटलिफ्टर, त्याने लांडगामाणूस लिहिला तर सेन्सॉरने स्पॅनिश माणूस राक्षस दाखवू दिला नाही, म्हणून तो पोलिश झाला, वाल्डेमार डॅनिन्स्की. बरेच पिक्चर दोनदा शूट व्हायचे, देशात दाखवायला अंगभर कपड्यांतले आणि बाहेर विकायला उघडे, त्यामुळे आज कुठली प्रत हाती लागेल सांगता येत नाही.

रातवा, तुमच्या संथपणाच्या प्रश्नाला धरून नॅशीचा ‘वालपुर्गिस नाइट’ (१९७१) बघा. व्हॅम्पायर बायका धुक्यातून स्लो मोशनमध्ये येतात, आवाज जवळजवळ नाही. कॅमेरा जास्त वेगाने फिरवला की झालं, त्याला वेगळा सेट लागत नाही, पण तिथे नेमकं हे करावं असं सुचावं लागतं.

आणि किनारा आवडला असेल तर व्हिसेंते अरांदाचा ‘ब्लड स्पॅटर्ड ब्राइड’ (१९७२). ले फानूच्या ‘कार्मिला’ या जुन्या व्हॅम्पायर कथेवरून घेतलाय. त्यात नायिकेच्या नवऱ्याला व्हॅम्पायर बाई पहिल्यांदा भेटते ती वाळूत पुरलेली, वर पाणबुड्याचा मास्क नि श्वासाची नळी. नवरा हाताने वाळू उकरतो आणि खाली ती जिवंत. यापुढे मी काही सांगत नाही.

रातवा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मित्राला हा धागा पाठवलाय.

काल ‘इ व्हँपिरी’ मिळवून तो म्हातारं होण्याचा शॉट लावला. काय होणार ते माहीत, कसं होणार ते माहीत, तरी पहिल्या वेळी प्रकाश कधी बदलायला लागला ते पकडता आलं नाही. दुसऱ्यांदा चेहऱ्याकडे न बघता मागच्या भिंतीकडे बघायचं ठरवलं होतं आणि नजर परत चेहऱ्यावरच गेली. आज रात्री ‘लिप्स ऑफ ब्लड’ बघणार आहे. जुनी_रीळ, पेटी समुद्रात जाते तेव्हा त्या लाकडी खुंटांच्या रांगा दिसतात का हे सांगू नका, मलाच बघू दे.